पुढचे शॉकअप आणि मागची सीट

चि. धाकट्यास,

तुझ्या ताईचे अनेक आशीर्वाद. तुझ्या बायकोला आणि घरातल्या लहानथोरांना ज्याचा जसा मान तसं माझं सांगणं पोचव.

तू पाठवलेलं पार्सल मिळालं. पोच द्यायला उशीर झाला, त्याचं कारण पुढे येईलच. उघडून मोजून घेतलं ते असं: पुढच्या शॉकअपच्या स्प्रिंगा दोन, ऑइल सील दोन, त्यांच्यावर बसणारी धुळीची रबरं दोन, तांब्याच्या वायसरी दोन, तेलाच्या बाटल्या दोन, आणि मऊ कागदात दागिन्यासारखे गुंडाळलेले पितळी तुकडे दोन, ज्यांना तुझे भावजी व्हॉल्व्ह म्हणतात आणि ज्यांची किंमत बाकीच्या सगळ्यांच्या बेरजेइतकी आहे. एकूण बिल दोन हजार एकशे चाळीस, टपाल वेगळं. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला पाच टक्के सूट दिलीस ते वाचून बरं वाटलं. (तशी पाटी दुकानात सगळ्यांसाठीच लावलेली आहे असं हे म्हणाले, पण मी ती मायेचीच धरली आहे.) सुतळी आणि खोका ठेवून घेतला आहे. माल पुरता होता, मोडतोड नव्हती, तुझ्याकडून कसलीही चूक झालेली नाही. हे आधीच लिहून ठेवते.

इथे देवाच्या कृपेने सगळ्यांच्या प्रकृती बऱ्या आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण जीभ ठणठणीत आहे. तुझे भावजी अंगाने बरे आहेत, मनाने नाहीत, आणि त्याचीच ही हकीकत. ती लांब आहे म्हणून शेवट आधी सांगते, म्हणजे वाचताना जिवाला घोर नको. (शेवट वाईट आहे, पण निदान ठाऊक असलेला बरा.) येत्या एक तारखेला यांची मोटरसायकल शेजारचे विमावाले घेऊन जाणार आहेत. तसा शब्द दिला गेला आहे. गाडीचं मला तेवढं नाही, शेवटी लोखंड आहे. पण यांनी हत्यारं पोत्यात बांधून माळ्यावर टाकली आहेत आणि तेव्हापासून पान्याला हात लावलेला नाही. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो आहे आणि हे त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करतात. ज्या माणसाने पाणीपुरवठ्याच्या कचेरीत सगळी नोकरी लोकांचे मीटर दुरुस्त करण्यात घालवली, त्याच्या घरात नळ ठिबकतो म्हणजे काय ते तूच समज. मी खाली पातेलं ठेवलं आहे. त्या पाण्यावर खिडकीतल्या कुंड्या भागतात, तेव्हा तेवढं नुकसान नाही.

तर मूळ दुखणं असं. दर आठवड्याला आम्ही दोघं टेकडीवरच्या देवळात जातो हे तुला माहीत आहे. चढताना काही त्रास नसतो. उतरताना यांनी ब्रेक लावला की गाडीचं तोंड असं खाली जायचं की जणू तीही नमस्कार करते आहे, आणि मी मागच्या सीटवरून सरकत यांच्या पाठीवर. देवाला जाऊन आल्यावर असं भर रस्त्यात नवऱ्याला चिकटून बसणं मला बरं वाटत नाही, पण ते गाडी करत होती, मी नव्हे. पुढे पाइपवर तेल दिसायला लागलं. मी रोज पुसायची, रोज यायचं. विमावाल्यांनी कुंपणावरूनच निदान केलं की ऑइल सील गेले, गाडी म्हातारी झाली, चांगली किंमत येते आहे तोवर काढून टाका. (चांगली किंमत देणारे तेच.) गॅरेजवाल्याने जो आकडा सांगितला त्यात माझा महिन्याचा किराणा येतो. मी म्हटलं, घरात माणूस रिकामा बसलेला आहे, हात चांगले आहेत, आणि काम बाहेर द्यायचं? म्हणजे शॉकअप घरी उघडायची कल्पना तशी माझी. यांना ती इतकी आवडली की ते त्या दिवशी दुपारी झोपले नाहीत.

मग तुला फोन झाला. तू म्हणालास, उघडताच आहात तर नुसते सील कशाला, स्प्रिंगा आणि व्हॉल्व्हही चांगल्यातले टाका, गाडी नवी झाल्यासारखी चालेल. (दुकानदार तो दुकानदारच, मग भाऊ का असेना.) आणि विचारलंस की चालवणाऱ्याचं वजन किती आणि मागे बसणाऱ्याचं किती, कारण स्प्रिंग वजनावर ठरते, आणि मागच्याचं वजन मागे पडतं खरं, पण उतारावर ब्रेक लागला की सगळं पुढे येतं. यांनी स्वतःचं सांगितलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी भाजी निवडत होते. हे फोनमध्ये म्हणाले, "तुझी ताई ना? आहे तशीच आहे रे. लग्नात होती तशी." पुढे तुम्ही दोघं आकड्यांचं बोलत बसलात आणि मी चहा ठेवायला उठले. त्या दिवशी चहात साखर जरा सढळ पडली, असं सासूबाई म्हणाल्या.

पार्सल आल्यावर मागच्या अंगणात काम सुरू झालं. तिथे माझी कपड्यांची दोरी असते, ती काढावी लागली. पुढचं चाक काढायचं तर गाडीचं तोंड अधांतरी हवं, म्हणून इंजिनाखाली लाकडी खोका, आणि खोक्याचा भरवसा नाही म्हणून हँडलला माझीच दोरी बांधून छपराच्या वाशाला. गाडी अशी टांगलेली पाहून सासूबाईंनी विचारलं की तिने गुन्हा तरी काय केला. चाक निघालं, मडगार्ड निघालं, आणि दोन्ही शॉकअप बाहेर आले. तू रोज पाहतोस, तुला काय सांगायचं, पण मी पहिल्यांदा पाहिले: नळीत सरकणारी नळी, आत एक लांब स्प्रिंग आणि तेल. एवढ्यावर दोन माणसं आणि त्यांचा जीव टेकडीवरून खाली येतो.

नळीच्या माथ्यावर एक टोपण असतं. ते स्प्रिंगवर दाब देऊन बसवलेलं असतं, म्हणून सावकाश, वरून हात धरून काढायचं, असं यांनीच मला दोनदा समजावून सांगितलं. समजावता समजावता ते सुटलं. सुटलं ते सरळ वर गेलं, छपराच्या पत्र्यावर आपटलं आणि खाली येताना विमावाल्यांच्या कुंपणापलीकडे पडलं, जिथे ते खुर्ची टाकून पेपर वाचत होते. त्यांनी ते आणून दिलं आणि सांगितलं की अशा अपघातासाठी त्यांच्याकडे एक चांगली योजना आहे. आतलं जुनं तेल यांनी एका डब्यात ओतलं. करड्या रंगाचं, आणि वास असा की सासूबाईंनी घरातून विचारलं, कोण गेलं. (ते तेल मी फेकलेलं नाही. फाटकाच्या बिजागऱ्यांना पुढची कित्येक वर्षं पुरेल.)

पुढची अडचण अशी की खालचा बोल्ट फिरवला की आतली दांडीही त्याच्याबरोबर गरागरा फिरते, मग बोल्ट सुटायचा कसा? त्यासाठी एक खास हत्यार मिळतं म्हणे, पण एका बोल्टसाठी हत्यार विकत घेणं मला मान्य नव्हतं. हे घरभर काहीतरी शोधत फिरले आणि माझ्या लांब झाडूपाशी थांबले. झाडूच्या दांड्याचं टोक तासून निमुळतं केलं, नळीत वरून घालून आतल्या दांडीच्या तोंडात दाबलं, आणि मला म्हणाले, धर घट्ट. मी झाडू धरला, यांनी खालून पाना लावला, आणि बोल्ट सुटला. धाकट्या, इतकी वर्षं मी झाडू धरते आहे, पण त्याबद्दल शाबासकी मिळाली ती त्या दिवशी.

नवे सील घालताना पाइपच्या धारेने त्यांचं ओठासारखं रबर कापू नये म्हणून पाइपच्या तोंडावर पातळ पिशवी चढवायची, तीही माझ्याकडची. (मी पिशव्या धुऊन ठेवते म्हणून हसणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) सील ठोकून बसवायला प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा वापरला. तेल मोजायला माझं दुधाचं माप गेलं. ते आता दुधाला चालत नाही, म्हणून त्याच्यावर लाल खूण करून अंगणातच ठेवलं आहे. हे स्टीलची पट्टी नळीत घालून तेलाची उंची पाहायचे, जास्त झालं तर पिचकारीने थोडं ओढायचे, पुन्हा पाहायचे. चष्मा नाकावर, श्वास रोखलेला. निवृत्त झाल्यापासून मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. मीटर उघडून बसायचे तेव्हा असेच दिसायचे. मी पिचकारी धुऊन देत राहिले.

सगळं बसवून झाल्यावर यांनी पाइपला एक दोरा बांधला. शॉकअप दबला की दोरा वर सरकतो आणि तिथेच राहतो, म्हणजे किती दबला ते नंतर कळतं. दोरा माझ्या पूजेच्या डबीतला. मी तो देवासमोर ठेवून मग दिला. हे एकटेच बाजारात जाऊन आले, पिशवीत अंडी होती, एकही फुटलं नव्हतं. दोरा जिथे असावा तिथेच. यांनी मला बोलावून तो दाखवला. सासूबाईंनाही खुर्चीसकट बाहेर आणून दाखवला. विमावाल्यांनी विचारलं नसताना त्यांनाही दाखवला.

त्या आठवड्यात आम्ही दोघं देवळात गेलो. जाताना गाडी अशी चालली की हे वळून वळून विचारत होते, कळतंय का काही, आणि मी सांगत होते, समोर बघा. उतरताना पहिल्याच वळणावर ब्रेक लावला आणि खालून आवाज आला, खट्. माझी हनुवटी यांच्या पाठीत. पुढच्या वळणावर पुन्हा खट्. घरी येऊन पाहिलं तर दोरा वर जाऊन टेकला होता, त्याच्यापुढे जायला जागाच नव्हती.

पुन्हा दोरी काढली, पुन्हा गाडी टांगली. तेल थोडं वाढवलं. एकटे गेले, उत्तम. आम्ही दोघं गेलो, खट्. मग स्प्रिंगवर बसून तिला दाबून धरणारा पाइपचा तुकडा लांब कापून घातला. आता एकट्याला गाडी खडखडायला लागली, दात वाजायचे, आणि दोघांना मात्र खट्. तुकडा पुन्हा आखूड केला. व्हॉल्व्ह काढून उलटेसुलटे तपासले. तुझ्या पार्सलमधून आलेलं सूचनांचं चिटोरं भिंतीवर चिकटवून ओळ न ओळ वाचली. काही चुकलेलं नव्हतं, आणि खट् होत होतं. हे जेवताना ताटात बोटाने नळीची आकृती काढायचे. सासूबाई म्हणाल्या, अरे, ताटातलं आधी संपव, मग शॉकअप उघड.

एके दिवशी विमावाले कुंपणापाशी आले आणि म्हणाले, भाऊसाहेब, एकटे असता तेव्हा होत नाही ना? वहिनी मागे बसल्या की होतं. मग त्यावरून काय ते... एवढंच बोलून ते थांबले आणि माझ्याकडे पाहून मान हलवली, सहानुभूतीने. हे सहसा आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. म्हणाले, "गाडी माझी, शॉकअप मी बसवले, चूक माझी आहे. तिच्याकडे बोट दाखवायचं नाही." विमावाले गेले. हे खाली बसले, फडक्याने एकेक पाना पुसला आणि पोत्यात टाकला. मी विचारलं, काय करताय? म्हणाले, "हात गेले गं माझे. आता मीटर दिला असता तर तोही बिघडवला असता." संध्याकाळी जाऊन त्यांनी विमावाल्यांना गाडीचा शब्द दिला, आणि बोलल्याबद्दल माफीही मागून आले. मला त्या माफीचं फार लागलं.

असो. देवाची इच्छा. देवळात मी आता एकटी चालत जाईन, पायांना व्यायाम होईल, पेट्रोलही वाचेल. जुन्या स्प्रिंगा ठेवल्या आहेत, काहीतरी उपयोग निघेल. हे पत्र सहजच, पार्सलची पोच म्हणून लिहिलं आहे, विशेष काही काम नाही. तब्येतीला जप, दुकानात उभ्याने जेवू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. काम एवढंच आहे की तू दोन स्प्रिंगा पुन्हा पाठव, आधीच्यांपेक्षा कडक. फोन केला असता, पण फोन बैठकीत आहे आणि यांचे कानही तिथेच असतात. तुला एव्हाना कळलं असेल. तू स्प्रिंगा दिल्यास त्या लग्नात होती त्या ताईच्या हिशोबाने, आणि उतारावरून येते ती आजची ताई. तू मला पाहिल्याला बरीच वर्षं झाली, आणि फोटोत मी नेहमी सासूबाईंच्या मागे उभी असते, त्यामुळे तुझा दोष नाही. फोनवर हे तसं म्हणाले तेव्हा मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण इतक्या वर्षांत कुणी माझ्याबद्दल असं काही बोललं नव्हतं, आणि ते खोडून काढायला मी मुळीच तयार नव्हते. देवाला खोटं बोललेलं चालत नाही. गप्प बसलेलं चालतं की नाही ते पोथीत स्पष्ट दिलेलं नाही, मी पुन्हा एकदा वाचून पाहिली.

ता. क. दुसरा. तू म्हणशील, मग आता सांग की त्यांना. नाही सांगवत. सांगितलं तर यांना दोहोंपैकी एक कबूल करावं लागेल: एकतर त्या दिवशी फोनवर खोटं बोलले, नाहीतर इतकी वर्षं माझ्याकडे नीट पाहिलंच नाही. मला यातलं काहीच ऐकायचं नाही. म्हणून तू पार्सल यांच्या नावाने पाठव आणि आत चिठ्ठी लिही की आधी गेलेल्या स्प्रिंगा तुमच्या गाडीला योग्य नव्हत्या, या योग्य आहेत. यात एकही शब्द खोटा नाही, तेव्हा तुला पाप नाही. दुकानाची चूक झाली असं मात्र लिहू नकोस, ते खोटं होईल, आणि वर हे सूट मागतील. पैसे मी माझ्या घरखर्चातून वेगळे पाठवते. फक्त हे लिही की बसवणाऱ्याने काम चोख केलं होतं. तेवढं जरूर लिही. पोतं माळ्यावरून उतरण्यापुरतं तरी.

ता. क. तिसरा. वजनाचा आकडा तुला लागेल. आज रद्दी घालायला गेले तेव्हा रद्दीवाल्याच्या मोठ्या काट्यावर उभी राहिले. त्याला सांगितलं की काटा बरोबर आहे का ते पाहते आहे. अडुसष्ट भरलं. पण हातात पिशवी होती, अंगावर शाल होती, तेव्हा दोन किलो वजा कर.

ता. क. चौथा. पाकीट बंद करणार होते, तेवढ्यात सासूबाईंनी सांगितलं की सकाळी यांनी त्यांच्याकडून एक टपालाचं तिकीट मागून नेलं, आणि कुणाला पत्र ते सांगितलं नाही. घरात आम्ही दोघं टपाल घालतो ते फक्त तुलाच. यांचं पत्र तुझ्याकडे आलं आणि त्यात माझ्या वजनाचा काही आकडा असला, तर त्यावर विसंबू नकोस. लग्नातल्या आकड्यावर ते फार फार तर चार किलो वाढवतील, त्याहून जास्त त्यांच्या हातून लिहिलं जाणार नाही. माझाच आकडा धर. आणि पिशवी रिकामी होती, रद्दी आधीच घातली होती. शाल सुती आहे. दोन किलो वजा करू नकोस. एक तारखेच्या आत पार्सल पोचेल का, ते उलट टपाली कळव.